मोठी गाडी, लांबचा रस्ता आणि घरची काळजी

सदर : संसार आणि व्यवहार



गेवराई तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सव्वीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दर महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो. आता त्याला ‘ॲडव्हेंचर’ प्रकारातली मोठी मोटारसायकल घ्यायची आहे. गावी ये-जा तिच्यावरच करीन, अम्मीला खुलताबादला नेईन, लग्नानंतर बायकोला घेऊन फिरेन आणि एकदा मित्रांबरोबर लडाखला जाईन, असे त्याचे म्हणणे आहे. वडील म्हणतात, घरात धड चालणारी एक गाडी असताना तीन-चार लाख रस्त्यावर कशाला घालायचे? भगिनी विचारतात, “या गाड्यांमध्ये फरक काय असतो? घ्यायचीच झाली तर कोणती घ्यावी? आणि आम्ही त्याला अडवावे की जाऊ द्यावे?”

प्रश्न एका घरचा असला तरी आपल्या जिल्ह्यात तो आता अनेक घरांत आहे. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तीही अहिल्यानगरपर्यंतच. तोवर आणि आजही आपला बहुतेक प्रवास एसटी आणि दुचाकी यांच्यावरच चालतो. त्यामुळे चांगल्या गाडीची इच्छा ही केवळ चैन आहे असे म्हणून चालणार नाही. मात्र ‘मोठी’ आणि ‘चांगली’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढे मनात ठेवून पुढे वाचावे.

ही गाडी कशासाठी जन्मली?

या प्रकारातल्या मोठ्या गाड्यांची सुरुवात १९८० साली बीएमडब्ल्यूच्या ‘आर ८० जी/एस’ या गाडीपासून मानली जाते. डांबरी रस्त्यावर लांब पल्ला गाठायचा आणि डांबर संपले तरी थांबायचे नाही, असा तिचा हेतू होता. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, ह्यूबर्ट ओरिओल या फ्रेंच स्वाराने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली आणि या गाड्यांचे नाव झाले. उंच बैठक, लांब हालणारे शॉकॲब्सॉर्बर, मोठे पुढचे चाक, रुंद हँडल आणि मोठी टाकी हे सगळे त्या वाळवंटातून आलेले आहे.

आपला मुलगा वाळवंटात जाणार नाही. त्याची नव्वद टक्के धाव डांबरावर असेल. म्हणून प्रत्येक गुण तपासताना एकच प्रश्न विचारायचा, हा गुण मला पुणे-गेवराई रस्त्यावर कामाला येतो का?

काही गुण खरोखर येतात. खड्डे आणि न दिसणारे गतिरोधक लांब शॉकॲब्सॉर्बर सहज पचवतात. ताठ बसायला मिळत असल्याने दोन-अडीचशे किलोमीटरनंतर कंबर आणि मनगटे कमी दुखतात. बैठक उंच असल्याने पुढच्या जीपच्या पलीकडचे दिसते. पुढची काच छातीवर येणारा वारा अडवते. टाकी मोठी असली की रात्री पंप शोधत फिरावे लागत नाही. काही गुण मात्र डांबरावर ओझे होतात आणि त्यांची किंमत आपण रोज मोजतो.

तीन पायऱ्या

बाजारात मिळणाऱ्या या गाड्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून तीन पायऱ्या करू.

पहिली पायरी अडीचशे सीसीच्या आसपासची. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही २४९ सीसीची गाडी, ताकद साडेसव्वीस अश्वशक्ती, वजन १६७ किलो, टाकी १२ लिटरची. पुढचे चाक १९ इंची, मागचे १७ इंची, दोन्ही अलॉय आणि ट्यूबलेस. हीरोची एक्सपल्स २१० ही याच वजनाची, १६८ किलोची, पण तिचे पुढचे चाक २१ इंची तारांचे आहे, म्हणजे तिचा ओढा मातीच्या वाटेकडे जास्त.

दुसरी पायरी चारशे-साडेचारशे सीसीची. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ही ४५२ सीसी, ४० अश्वशक्ती, १९६ किलो, टाकी १७ लिटर. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आली. केटीएम ३९० ॲडव्हेंचर ही ३९९ सीसी, ४६ अश्वशक्ती, वजन सुमारे १८२ किलो, टाकी साडेचौदा लिटर. ही आपल्या महाराष्ट्रातच, चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. तिच्या ‘एक्स’ प्रकाराला १९ इंची अलॉय चाक आहे, ‘एस’ प्रकाराला २१ इंची तारांचे.

तिसरी पायरी खऱ्या अर्थाने मोठ्या गाड्यांची. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८००डीई ७७६ सीसी आणि २३२ किलो. होंडा ट्रान्साल्प ७५५ सीसी आणि २०८ किलो. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस १३०० सीसी, १४५ अश्वशक्ती आणि २३७ किलो. पहिल्या दोघी दहा लाखांच्या वर आणि शेवटची वीस लाखांच्या वर जाते. या गाड्या उत्तम आहेत यात शंका नाही. युरोपातल्या रुंद रस्त्यांवर जोडीदार आणि तीन पेट्या सामान घेऊन दिवसाला सहाशे किलोमीटर जायचे असेल तर यांच्यासारख्या दुसऱ्या नाहीत. बीएमडब्ल्यूला तर साखळीच नाही, मागचे चाक शाफ्टने फिरते, म्हणून दर पाच-सहाशे किलोमीटरला साखळीला तेल देण्याचे कामही वाचते. प्रश्न आहे तो आपल्या रस्त्याचा.

ताकद किती लागते?

सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने जायला मोटारसायकलला दहा-पंधरा अश्वशक्ती पुरतात. बाकीची ताकद लागते ती चढ, ओझे आणि ओव्हरटेकसाठी. मांजरसुंब्याचा घाट मागे माणूस आणि सामान घेऊन चढताना, किंवा उसाने भरलेला ट्रॅक्टर झटकन मागे टाकताना, अडीचशे सीसीच्या गाडीला गिअर खाली घेऊन जरा वाट पाहावी लागते. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीला ती वेळ येत नाही. हा फरक खरा आहे आणि दुसऱ्या पायरीची गाडी घेण्याचे सगळ्यात मोठे कारणही तेच आहे.

पण चाळीसवरून शंभरावर गेल्याने काय मिळते? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे, इतर रस्त्यांवर ६०. जिथे एवढी ताकद मोकळी सोडता येईल असे वाटते, त्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. म्हणजे आपल्यासाठी उरतो तो धुळे-सोलापूर महामार्ग आणि त्याला मिळणारे दुपदरी रस्ते. तिथे शंभर अश्वशक्तीचा अर्थ मुठीत येणारा मोह एवढाच आहे.

वेगाचा हिशेबही घरात सगळ्यांनी एकदा करून पाहावा. ताशी ८० ने जाणारी गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक-सव्वा सेकंद जातोच. मग कोरड्या डांबरावर उत्तम ब्रेकने ती थांबेपर्यंत एकूण साठ ते सत्तर मीटर लागतात. ताशी १२० ला हेच अंतर सुमारे सव्वाशे मीटर होते. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. उलट बीड ते छत्रपती संभाजीनगर या सुमारे सव्वाशे किलोमीटरमध्ये सरासरी ६० ऐवजी ७५ ठेवली तर वाचतात पंचवीस मिनिटे.

वजन, उंची आणि मागे बसणारी व्यक्ती

जाहिरातीत अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत असते, वजन आणि बैठकीची उंची बारीक अक्षरांत. आपण उलट वाचायचे.

व्ही-स्ट्रॉम ८००डीईची बैठक ८५५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३४ इंच उंच आहे. हिमालयनची ८२५, ती ८४५ पर्यंत वाढवता येते. व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. घरी एक साधा प्रयोग करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. हे माप बैठकीच्या उंचीपेक्षा दोन-तीन इंच कमी असेल तर निभावते, कारण बसल्यावर शॉकॲब्सॉर्बर थोडा दबतो आणि बुटाचा तळ मदतीला येतो. त्यापेक्षा कमी असेल तर सिग्नलला, उतारावर किंवा खडीवर गाडी एका बाजूला कलते, आणि दोनशे किलो एकदा कलले की हाताने सावरत नाही.

आता ओझे मोजा. हिमालयन १९६, चालवणारा ७०, मागे अम्मी किंवा पत्नी ६०, सामान २० असे सगळे मिळून ३४६ किलो. हेच ८००डीईवर ३८२ किलो. पावसात काळ्या मातीचा चिखल डांबरावर आलेला असतो, त्यात हे वजन वळवायचे असते.

मागे बसणाऱ्या स्त्रीचा विचार या गाड्या बनवणाऱ्यांनी फारसा केलेला नसतो. मागची बैठक आणखी उंच असते, एका बाजूला पाय सोडून बसणे अवघड आणि असुरक्षित होते, आणि बाजूच्या लोखंडी पेट्या लावल्या की पाय ठेवायला जागा राहत नाही. बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर मागच्या चाकात किंवा साखळीत गुंतून होणारे अपघात आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण, हाताला पकड आणि पाय ठेवायची जागा हे मोटार वाहन नियमांनी बंधनकारक आहे. ‘लूक’ बिघडतो म्हणून साडीगार्ड काढून टाकणाऱ्याला घरच्यांनी ठामपणे अडवावे. गाडी पाहायला जाताना जी व्यक्ती मागे बसणार आहे तिला सोबत न्यावे, नेहमीच्या कपड्यांत बसवून पाहावे. तिला चढता-उतरता येत नसेल तर ती गाडी त्या घराची नाही.

चाक आणि पंक्चर

२१ इंची पुढचे चाक दगडधोंड्यांवरून सहज जाते, पण डांबरी वळणावर ते थोडे सावकाश वळते. डांबरासाठी १९ इंची चाक अधिक सोयीचे. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. हिमालयनचे साधे प्रकार ट्यूबचे आहेत, ट्यूबलेस तारांची चाके जादा पैसे देऊन घ्यावी लागतात. ते पैसे जरूर द्यावेत. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि ट्रॉलीतून पडलेले खिळे-बोल्ट यांची कमतरता नाही. ट्यूबलेस टायरचे पंक्चर रस्त्याकडेला दहा मिनिटांत बुजते. ट्यूबच्या टायरसाठी चाक खोलावे लागते, आणि मागचे चाक खोलणारा माणूस रात्री नऊ वाजता चौसाळ्याच्या आसपास सापडणे सोपे नाही.

दुरुस्तीचेही तसेच. गाडी घेण्याआधी जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते विचारा, आणि क्लचप्लेट, ब्रेकपॅड, आरसा यांचे भाव लिहून घ्या. दहा लाखांवरच्या गाड्यांसाठी आपल्याला बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते.

खिशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून अडीचशे सीसीची गाडी सुमारे दोन लाखांत आणि साडेचारशे सीसीची तीन लाखांच्या पुढे असा फरक दिसतो. यात आरटीओ आणि विमा वेगळा. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये, त्यापुढे १५,११७ रुपये आणि वर कर.

पेट्रोलचेही पाहा. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर लिटरला तीस देणाऱ्या गाडीला ४०० लिटर लागते, एकवीस देणाऱ्या मोठ्या गाडीला ५७० लिटर. फरक सतरा हजारांच्या वर.

आणि हप्ते. उदाहरणादाखल तीन लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता ९,९६४ रुपये, आणि शेवटी व्याज म्हणून गेलेले सुमारे ५८,७०० रुपये. व्याजाबद्दल आपल्या दीनचा आदेश स्पष्ट आहे, तो इथे पुन्हा सांगायला नको. पण व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. मुलाची महिन्याला ९,९६४ रुपये देण्याची ऐपत असेल तर तीच रक्कम तो आधी बाजूला टाकू शकतो. तीस महिन्यांत जवळपास तीन लाख उभे राहतात, व्याजाशिवाय. मध्ये निसाबाइतकी रक्कम होऊन वर्ष लोटले तर तिची जकात द्यावी. अडीच वर्षे थांबणे तरुणाला जड जाते हे खरे. पण तेवढ्या काळात ती इच्छा टिकली तर ती गरज आहे असे समजावे, आणि विरली तर तीन लाख वाचले.

अडवावे की जाऊ द्यावे?

आता भगिनींना सरळ उत्तर. अडवू नका, पण पायरी ठरवून द्या.

मुलाने आजवर शंभर-सव्वाशे सीसीचीच गाडी चालवली असेल आणि घरची माणसे नेहमी मागे बसणार असतील, तर पहिल्या पायरीची, अलॉय आणि ट्यूबलेस चाकांची गाडी घ्यावी. १६७ किलो त्याला एकट्याला उचलता येतात, वेगमर्यादेत ती कुठेही कमी पडत नाही, आणि पैशाने पेलते. लडाखलाही याहून लहान गाड्या दरवर्षी जातात. त्याच्या हाताला मोठ्या गाडीची सवय असेल, दरमहा लांबचा प्रवास दोघांचा आणि सामानासह असेल, आणि पैसे रोख असतील, तर हिमालयन ट्यूबलेस चाकांसह घ्यावी. बैठक सोयीची आणि टाकी मोठी. केटीएमचा ‘एक्स’ प्रकार हलका, चपळ आणि डांबरावर अधिक सरस आहे, पण ती गाडी उतावळ्या हाताला लवकर वेगात नेते. मुलाचा स्वभाव आईवडिलांहून जास्त कोण ओळखणार? तिसरी पायरी आज या घरासाठी नाही. ऐपतीपलीकडची आणि लोकांना दाखवण्यासाठी घेतलेली वस्तू इस्राफमध्ये मोडते, हे त्याला रागाने न सांगता हिशेबाचा कागद समोर ठेवून सांगावे.

गाडीच्या किमतीतले पंधरा-वीस हजार आधीच बाजूला काढा. आयएसआय शिक्क्याचे दोन हेल्मेट, एक त्याचे आणि एक मागच्या व्यक्तीचे, शिवाय जॅकेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट. हेल्मेट दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे असेल तर सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट लागते, आणि वेग ताशी ४० च्या वर नेता येत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, अशी शिकवण दिली. हेल्मेटचा पट्टा बांधणे हे त्याच शिकवणीत बसते.

रस्त्यावरचे चार नियम

ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च हा आपल्याकडे उसाचा हंगाम. माजलगाव, केज, अंबाजोगाईकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि ऊसतोड कुटुंबांच्या बैलगाड्या रात्रभर चालतात. अनेकांना मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरच्या गाडीच्या झोतात ट्रॉली दिसतच नाही. म्हणून पहिला नियम असा की मगरिबनंतर लांबचा प्रवास नाही. उशीर झाला तर फोन करून वाटेतच मुक्काम करावा, आणि घरच्यांनी “आजच ये” असा आग्रह धरू नये.

दुसरा नियम थांबण्याचा. जुहर आणि असरसाठी थांबले की दोन-अडीच तासांनी आपोआप विश्रांती होते. मुसाफिराला नमाजमध्ये कसरची सवलत आहे, म्हणून पोहोचण्याची घाई करायला कारण उरत नाही.

तिसरा रमजानचा. इफ्तार घरी मिळावा म्हणून संध्याकाळी वेग वाढवणे सगळ्यात धोक्याचे. पोटात अन्न नाही, ओठ कोरडे, उजेड कमी, आणि रस्त्यावर प्रत्येकाला घाई. सोबत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावी, अजान झाली की रस्त्याकडेच्या हॉटेलवर थांबून रोजा सोडावा. मुसाफिराला रोज्याचीही सवलत आहे.

चौथा नियम मित्रांबरोबरच्या सहलीचा. तिघे सफरीला निघाले तर एकाला अमीर करावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण मोटारसायकलच्या ताफ्यालाही तंतोतंत लागू पडते. अमीर ठरवेल तोच वेग, आणि सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवायचे. जो हे मान्य करत नाही, त्याच्यासोबत जायचे नाही.

या महिन्यात एक काम करावे. घरात जी कोणती दुचाकी असेल, अगदी साधी शंभर सीसीची, तिच्या टायरची हवा, ब्रेक, साखळीचे तेल, मागचा लाल दिवा आणि साडीगार्ड पाहून घ्यावे. ज्या तरुणाला मोठी गाडी हवी आहे त्याच्याकडेच हे काम सोपवावे. अम्मी ज्या गाडीवर मागे बसते तिची काळजी तो सहा महिने न सांगता घेत राहिला, तर पुढच्या गाडीची बोलणी अब्बांपुढे त्याच्या बाजूने करायला अम्मीला मोठा आधार मिळेल. सफरीत असलेल्या सगळ्यांना अल्लाह सुखरूप घरी आणो. आमीन.